मुंबई बंदरातील बेटे

यंदा शाळेची सहल मुंबई बंदरातील बेटे पाहावयास जाणार, अशी सूचना फळ्यावर लागली, आणि आठवड्याच्या आत आमच्या हाती पालकांची दोन पत्रे आली. पहिल्या पत्रात विचारले होते की, १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीस निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळून एकूण १५ माणसे मृत्युमुखी पडली, हे ठाऊक असता त्याच वाटेने मुलांस नेणे शहाणपणाचे आहे काय? दुसरे पत्र आमच्याच मंडळीतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांचे होते. मिशनच्या शाळेने मुलांस मुद्दाम मूर्ती पाहावयास का न्यावे, एवढाच त्यांचा प्रश्न होता. दोन्ही पत्रांस त्या वेळी आम्ही चार ओळींची उत्तरे दिली व सहल पार पडली. परंतु चार ओळींत मावण्यासारखे हे प्रश्न नव्हते, आणि जी मुले सहलीस येऊ शकली नाहीत त्यांसही तेथील हकीकत कळावी, म्हणून हा लेख लिहीत आहोत.

आमची मुले घाटावरची. त्यांपैकी पुष्कळांनी समुद्र प्रथमच पाहिला. गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीखाली उभे राहून पूर्वेकडे पाहिले म्हणजे पाण्यात ठिकठिकाणी काळसर ठिपके दिसतात, व त्यांच्यापलीकडे दोन टेकड्यांचे एक मोठे बेट अस्पष्ट दिसते. "सर, ही बेटे पाण्यावर तरंगतात का?" असे एका लहानग्याने विचारले, तेव्हा वरच्या वर्गातील मुले हसली. पण 'मग ती तेथे आली कोठून?' असे आम्ही त्या हसणाऱ्यांस विचारताच सर्वत्र शांतता पसरली.

वास्तविक ही बेटे म्हणजे बुडालेल्या भूमीवरील टेकड्यांचे माथे होत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून तप्त रस वर येऊन थरावर थर पसरला व थिजला. त्यापासून दख्खनचा काळा पत्थर झाला. आपल्या गावी विहीर खणताना सुरुंग लावून जो कातळ फोडावा लागतो, तोच हा. त्याच कातळाच्या टेकड्या कोकणपट्टीत होत्या, आणि त्यांच्यामधील सखल भागांत समुद्राचे पाणी शिरले. हे नुसते अनुमान नव्हे. १८८० साली खुली झालेली प्रिन्सेस गोदी जेव्हा खणली जात होती, तेव्हा समुद्राच्या पातळीखालच्या चिखलात मुळांसकट उभी असलेली झाडांची खोडे सापडली. झाडे पाण्याखाली उगवत नाहीत. तेव्हा तेथे एके काळी कोरडी जमीन व रान होते, हे उघड आहे. खुद्द मुंबईही पूर्वी एक बेट नसून सात बेटे होती: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी व माहीम. त्यांच्यामधील खाजणे बांध घालून व भराव टाकून अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत बुजवली गेली. तेव्हा गेटवेच्या धक्क्यावर उभा असलेला मनुष्यही एका बेटावरून दुसरी बेटे पाहत असतो, एवढेच.

आता बोटीविषयी. त्या अपघाताची हकीकत आम्ही निघण्यापूर्वी वर्गावर्गांत जाऊन मुलांस सांगितली, लपविली नाही. मुलांस असे वाटते की समुद्र म्हणजे मोकळे मैदान, वाटेल तिकडून जावे. बंदरात तसे नसते. मुंबईचे बंदर विस्तीर्ण आहे, पण पुष्कळ ठिकाणी उथळ आहे. म्हणून मोठ्या जहाजांसाठी गाळ उपसून खोल वाट राखावी लागते व तिच्या दोहों बाजूंस तरंगत्या खुणा नांगरून ठेवलेल्या असतात. मोठे जहाज ती वाट सोडू शकत नाही आणि पटकन थांबूही शकत नाही. त्याच पाण्यात तेलाची जहाजे, नौदलाच्या नौका, कोळ्यांची गलबते आणि प्रवाशांच्या लाँची एकमेकींस ओलांडून जात असतात. म्हणजे भर बाजाराचा रस्ताच तो. आणि रस्त्यावर पडलेला मनुष्य निदान जमिनीवर पडतो. आम्ही एकच नियम केला की, ज्या बोटीत प्रत्येकास लाईफ जॅकेट मिळेल तीतच पाऊल ठेवावयाचे, व त्याचे पट्टे शिक्षकाने हाताने ओढून पाहिल्यावाचून बोट सोडू द्यावयाची नाही. पहिल्या बोटीत सहा जॅकेटे कमी भरली. आम्ही ती सोडली व पाऊण तास उन्हात उभे राहिलो. मुले कुरकुरली. दुसऱ्या बोटीच्या तांडेलाने मात्र कुरकुर केली नाही, स्वतः अंगात घातल्यावर तो म्हणाला, "घाला पोरांनो, गरम होतं ते बरं."

घारापुरी सुमारे सहा मैल दूर आहे व लाँचीने तेथे जावयास तासभर लागतो. हा तास कंटाळवाणा जातो असे म्हणणाऱ्यांनी डोळे मिटून प्रवास केला असला पाहिजे. गेटवेपासून जवळच ऑयस्टर रॉक व मिडल ग्राउंड ही दोन चिमुकली, तटबंदी केलेली बेटे आहेत. ती नौदलाकडे असल्यामुळे तेथे उतरता येत नाही. उत्तरेकडे गोद्यांच्या बाजूस क्रॉस आयलंड दिसते. पुढे बुचर आयलंड लागते. त्याचे हल्लीचे सरकारी नाव जवाहर द्वीप. जुने लोक त्यास देवदेवी म्हणत. आता त्यावर देवही नाही नि देवीही नाही. तेलाच्या प्रचंड टाक्या आहेत. परदेशांतून आलेले खनिज तेल येथे जहाजांतून उतरवून समुद्राच्या तळाशी घातलेल्या नळांतून तुर्भ्याच्या बाजूच्या शुद्धीकरण कारखान्यांकडे जाते. २०१७ च्या ऑक्टोबरात यांपैकी एका टाकीवर वीज पडून आग लागली, ती काही दिवस धुमसत राहिली होती. या बेटावरही कोणास उतरू देत नाहीत, व ते योग्यच आहे. पूर्वेकडे दूरवर न्हावा-शेवा बंदराच्या उंच याऱ्या दिसतात आणि उत्तरेकडे समुद्र ओलांडून जाणारा, जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू. खांदेरी व उंदेरी ही दोन बेटे मात्र या वाटेवर नाहीत. ती बंदराच्या तोंडाबाहेर, थळच्या किनाऱ्यासमोर आहेत. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तटबंदी आरंभिली व त्यावरून इंग्रजांशी युद्ध जुंपले, तो इतिहास मोठा आहे. त्याविषयी पुढे कधी तरी लिहू.

सारांश, इतक्या बेटांपैकी या वाटेवर सामान्य माणसास पाय ठेवता येतो तो एका घारापुरीसच.

येथे आमच्या मुलांस भरती-ओहोटीचा पहिला धडा मिळाला. आम्ही पोहोचलो तेव्हा ओहोटी होती, आणि किनाऱ्याशी तिवरांच्या मुळांपासून दूरवर नुसता चिखल पसरला होता. समुद्रास दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते, आणि दररोज ती सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास चंद्र व सूर्य यांची ओढ एकवटते म्हणून पाणी अधिक चढते व अधिक उतरते, त्यास कोळी उधाण म्हणतात, आणि अष्टमीच्या सुमारास ते मंदावते, त्यास भांग म्हणतात. पुस्तकातील आकृतीवरून हे समजावण्यात आम्ही आजवर किती खडू झिजवले असतील! ज्या दगडावर सकाळी खेकडे फिरत होते तो दगड दुपारी चार हात पाण्याखाली गेलेला पाहून ते सर्वांस एका क्षणात समजले. याच उथळपणामुळे घारापुरीचा धक्का पाण्यात इतका लांब काढावा लागला आहे की, त्यावरून लहानशी आगगाडी चालते. मुलांस लेण्यांइतकीच तीही आवडली, हे कबूल केले पाहिजे.

धक्क्यापासून सुमारे १२० पायऱ्या चढून गेले म्हणजे मुख्य लेणे येते. पायऱ्यांवर माकडे फार. आमच्या हातातील बिस्किटांचा पुडा त्यांपैकी एकाने भर वर्गासमोर हिसकावून नेला; त्या प्रसंगाचे वर्णन विद्यार्थ्यांच्या निबंधांतून पुरेसे आले आहे.

लेणे हे बांधलेले नसते, हे येथे प्रथम लक्षात घ्यावे. घर बांधताना दगडावर दगड ठेवतात. लेणे खोदताना नको असलेला दगड काढून टाकतात, आणि जे उरते तेच छत, तेच खांब, त्याच मूर्ती. चुकून एक ढलपी अधिक उडाली तर ती परत बसविता येत नाही. हे मुख्य लेणे आडवे-उभे सुमारे १३० फूट आहे. खांब खाली चौकोनी, वर गोल व पन्हळीदार, आणि माथ्यावर दाबलेल्या उशीसारखा गोलवा; पाहणाऱ्यास असे वाटते की वरच्या डोंगराच्या भाराने तो दगड खरोखरच दबला आहे. पश्चिमेच्या बाजूस चार दारांचे गर्भगृह असून प्रत्येक दारापाशी दोन याप्रमाणे आठ द्वारपाल उभे आहेत. मुख्य दार उत्तरेस आहे, व त्याच्या समोर दक्षिणेच्या भिंतीत, खोल कोनाड्यात, ते जगप्रसिद्ध त्रिमुख आहे. उंची सुमारे १८ फूट. पूर्वी त्यास ब्रह्मा, विष्णू व महेश यांची त्रिमूर्ती समजत. आता विद्वान त्यास सदाशिवाचे रूप मानतात. मधले मुख शांत, एका बाजूचे उग्र, दुसऱ्या बाजूचे कोमल, हातात कमळ घेतलेले. उत्तरेच्या दारातून येणारा उजेड खांबांमधून गाळून त्या मुखांवर पडतो. आम्ही मुलांस दहा मिनिटे काहीही न बोलता बसावयास सांगितले होते. ती वीस मिनिटे बसली.

ही लेणी कोणी कोरविली? याचे उत्तर जेथे लिहिलेले होते तो दगडच हरवला आहे. १५३४ साली वसई प्रांताबरोबर हे बेट पोर्तुगीजांकडे गेले. दियोगो द कोतो नावाच्या पोर्तुगीज इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की, लेण्याच्या दाराशी एक शिलालेख होता. तो काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठविण्यात आला, राजाने तो वाचविण्याचा पुष्कळ प्रयत्न केला, पण वाचणारा कोणी मिळाला नाही. पुढे त्या दगडाचा ठावठिकाणा राहिला नाही. त्यामुळे कोणी मौर्यांचे नाव घेतात, कोणी चालुक्यांचे, कोणी राष्ट्रकूटांचे. बेटावर कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी सापडली असल्यामुळे ही लेणी सहाव्या शतकात, कलचुरींच्या काळात झाली, या मताकडे हल्ली बहुतेकांचा कल आहे. एका दगडाच्या अभावी शेकडो पाने लिहावी लागली ती अशी.

आणि मूर्ती फुटलेल्या आहेत. त्रिमुख बरेचसे शाबूत आहे, पण भोवतालच्या शिल्पांपैकी कित्येकांचे हात गेले आहेत, पाय गेले आहेत, नटराजाचे तर गुडघ्यांखाली काही उरलेले नाही. पोर्तुगीज शिपायांनी त्यांवर नेम धरून बंदुका झाडल्या असे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत, व तेथील वाटाड्यानेही तेच सांगितले. तेव्हा आठवीतील एका मुलीने आमच्याजवळ येऊन हलक्या आवाजात विचारले, "सर, हे फोडणारे आपलेच लोक होते का?"

आम्ही क्षणभर गप्प राहिलो. वाटाडा हिंदू, भोवती परकी माणसे. 'ते पोर्तुगीज, आपण मराठी' असे म्हणून सुटता आले असते. पण त्या शिपायांचा बाप्तिस्मा झालेला होता, आणि ज्या नावाने आपण प्रार्थना करतो तेच नाव तेही घेत होते. म्हणून आम्ही "होय" असे उत्तर दिले. त्यानंतर जे सांगितले ते येथेही सांगतो. मोडतोड एकट्या त्यांनीच केली असे समजणे सोपे आहे, पण पुरते खरे नाही. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली येथे आला होता. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने लिहिले आहे की, गुरे आत शिरत असल्यामुळे लेण्याची फार नासाडी झाली आहे. कातळातून दर पावसाळ्यात पाणी झिरपते व खांब पोखरते, ते वेगळेच. १८७५ साली इंग्लंडच्या युवराजासाठी याच लेण्यात मेजवानीची टेबले मांडली होती. आणि भिंतींवर टोकदार वस्तूंनी आपली नावे कोरणारे लोक मराठीतही लिहितात, हे आमच्या मुलांनी स्वतः वाचले. तरीही बंदूक झाडणाऱ्याचा दोष गुरांवर घालता येत नाही. दुसरी गोष्ट अशी की, हरवलेल्या शिलालेखाची आज आपणांस जी माहिती आहे, ती एका पोर्तुगीजाने लिहून ठेवली म्हणूनच आहे. फोडणारेही त्यांतलेच आणि नोंद ठेवणारेही त्यांतलेच. मुलीचे पुरते समाधान झाले असे दिसले नाही. आमचेही झालेले नाही.

ज्या वडीलधाऱ्यांनी दुसरे पत्र लिहिले होते, त्यांस आमचे उत्तर एवढेच. आम्ही मुलांस पूजेस नेले नाही. छिन्नी व हातोडा घेऊन हा काळा पत्थर कोरणाऱ्या पाथरवटांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत; ते आपल्यापैकी कोणाचे पूर्वज नव्हते, असे आपण दोघांपैकी कोणास खात्रीने सांगता येईल काय?

लेणी पाहून पायऱ्या उतरताना काकड्या विकणाऱ्या एका बाईंनी आमच्या पोरांना सावलीत बसविले व पैसे न घेता पाणी दिले. आम्ही आभार मानले, तेव्हा त्या म्हणाल्या, "मास्तर, सगली येतान, लेनी बगतान नि जातान. गाव कोनी बगत नाय." हे बोलणे आमच्या मनास लागले, कारण आम्हीही तसेच निघालो होतो. म्हणून तासभर थांबून आम्ही वस्तीत गेलो.

बेटावर शेतबंदर, राजबंदर व मोरबंदर अशी तीन गावे आहेत. वस्ती सुमारे हजाराची. मासेमारी, थोडी भातशेती व प्रवाशांवर चालणारा किरकोळ व्यापार हा उदरनिर्वाह. समोर रात्रभर झगमगणारी मुंबई. पण या गावांत वीज आली ती २०१८ च्या फेब्रुवारीत, समुद्राच्या तळातून सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची तार टाकून. तोपर्यंत डिझेलवर चालणारे यंत्र संध्याकाळी काही तास दिवे देई, मग काळोख. म्हणजे आमच्या दहावीतील मुले पहिलीत जाण्यासारखी होती तेव्हा या बेटावरील त्यांच्या वयाची मुले दिवा विझण्याआधी अभ्यास आटोपत होती, आणि खिडकीतून त्यांस जगातील एका मोठ्या शहराचे दिवे दिसत होते. एका घरी गृहिणीने शीतपेटी उघडून दाखविली. तीत आदल्या दिवशीची मासळी होती. पूर्वी बर्फ मुंबईहून आणावा लागे, नाही तर मासळी त्याच दिवशी खपवावी लागे, असे त्या म्हणाल्या. कॉलेजसाठी मात्र मुलांस आजही पाणी ओलांडावेच लागते, व पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँची बंद राहतात. प्रवाशांस रात्री बेटावर राहण्याची परवानगी नाही. रात्रीचे बेट त्या हजार माणसांचेच असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीस अवकाश होता म्हणून आम्ही भायखळ्यास जिजामाता उद्यानाशेजारील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात गेलो. कारण घारापुरीचा एक रहिवासी तेथे राहतो. पोर्तुगीजांनी या बेटास एलिफंटा म्हटले, ते धक्क्याजवळ उभ्या असलेल्या एका दगडी हत्तीवरून. १८१४ साली त्याचे डोके व मान गळून पडली. १८६४ साली त्यास इंग्लंडला नेण्याचा बेत झाला. पण उचलताना यारी तुटली व हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आणून ठेवले, आणि १९१४ साली जोडून हत्ती पुन्हा उभा केला. मूळचा सुमारे १३ फूट लांब असलेला हा प्राणी आज संग्रहालयाच्या अंगणात उन्हापावसात उभा आहे, व पुष्कळ लोक त्याच्याकडे न पाहताच आत जातात. आमच्या मुलांनी त्याच्याभोवती फेऱ्या घालून सांधे शोधले. आदल्या दिवशी प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीने पोटाखालचा एक सांधा सर्वांआधी ओळखला, व वहीत हत्तीचे चित्र काढून त्यावर सर्व सांधे रेघांनी दाखविले. ते चित्र शाळेच्या वाचनालयात लावले आहे. पालकांनी येऊन अवश्य पाहावे.

पुढील वर्षी कोणी कुटुंबासह जाणार असल्यास सोमवारी जाऊ नये, त्या दिवशी लेणी बंद असतात. पाण्याची बाटली माकडांच्या नजरेस पडू देऊ नये. आणि उतरताना शेतबंदराच्या वाटेवर त्या काकडीवाल्या बाई भेटल्यास, घाटावरच्या शाळेचे मास्तर आठवण काढीत होते, असे सांगावे.